वाळवंटात उडवलेलं नाताळचं झाड

बोट ओलं करायचं, हात उंच धरायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "वारा आपल्या बाजूचा आहे." आमचे शेजारचे काका लिफ्टची वाट बघतानाही हे करायचे. तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. त्याला हसावं की त्याच्यापासून चार हात लांब राहावं, ते ठरत नाही.

काका नाशिकचे, इथे दोहात गॅसच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. कामावर ते एक स्क्रूही सैल राहू द्यायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी मात्र रॉकेटं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलं, की सोफ्यावर बसण्याआधी रॉकेटचा एखादा तुकडा टोचू नये म्हणून हात फिरवून बघावं लागे.

या जानेवारीत पर्लच्या श्रीमंत वस्तीत राहणाऱ्या त्यांच्या साहेबांनी नाताळचं वाळलेलं झाड टाकून दिलं. काका ते गाडीच्या टपावर बांधून घेऊन आले.

"हे उडवायचं."

"काका, झाड?"

"अरे, वर टोक, खाली घेर. देवानेच घडवलेलं रॉकेट आहे. आपण फक्त यल्ला, चल म्हणायचं."

मला हसू आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात दोहाच्या आकाशात क्षेपणास्त्रांच्या आगीच्या रेघा आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या. तेव्हापासून दार आपटलं तरी माणसं दचकत. आता कुणी हे झाड आकाशात पाहिलं तर? रॉकेटच्या मोटरी कुठून आणल्या, हे मी विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटली. पण काकू म्हणाल्या, "तू चल रे. मीही येते. हे एकटे गेले तर माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही."

शहराच्या कडेचं मुऐदर मागे पडलं, वस्ती संपली. दुपारचं लख्ख ऊन. काका वाळूत झाड उभं करत होते. काकू मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन गाडीत बसल्या होत्या. मी रस्त्याकडे बघत होतो.

काकांनी मराठीत उलटे आकडे मोजले. झाड उठलं. खरंच उठलं! सुया झडत सरळ वर गेलं आणि काका आनंदाने किंचाळले. मग एका बाजूची मोटर विझली. झाड कलंडलं, पेटलं आणि गाडीकडे वळलं.

"काकू, उतरा!" मी ओरडलो.

काकू जागच्या हलल्या नाहीत. डबा घट्ट धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. माझेही पाय उचलेनात. धावले ते काका, गुडघे धरून जिना चढणारे. त्यांनी काकूंना दंडाला धरून बाहेर ओढलं, दोघं वाळूत पडले आणि काका त्यांच्यावर पालथे झाले. झाड टपाला घासून पलीकडे आदळलं आणि तडतड जळू लागलं.

काका उठेनात.

"उठा हो," काकूंचा आवाज आला. "हात दबलाय माझा."

आग आम्ही वाळूने विझवली. कुणीही आलं नाही. काकांनी किल्ली माझ्याकडे दिली, गाडी मी चालवली.

मार्चमध्ये काका नोकरी सोडून नाशिकला परत गेले. फोनवर पेरूच्या झाडाबद्दल बोलतात, रॉकेटचं नाव काढत नाहीत. मला ते दिसतात त्या परतीच्या वाटेवरचे. पुढच्या सीटवर पूर्ण मागे वळून बसलेले, केसांत वाळू. दर सिग्नलला तेच विचारत होते, "तू आहेस ना गं?"

आणि काकू दर वेळी म्हणत होत्या, "आहे. इथेच आहे."