विचारले तेवढेच

पाचवीच्या वर्गाला अर्ज लिहायला शिकवताना मी एक नियम फळ्यावर लिहिते: विचारले असेल तेवढेच लिहावे. हा नियम पाठ्यपुस्तकात नाही. तो मी ईट या आत्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत शिकले, आणि उशिरा शिकले.

आत्याच्या मुलाशी माझे लग्न ठरले तेव्हा मी बारावी झाले होते. आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क मानतात, त्यामुळे पाहण्याचा कार्यक्रम झालाच नाही. चार मोठ्या माणसांसमोर सुपारी फोडली, पोहे वाटले, शब्द पक्का झाला. त्याच सुमारास तो अग्निवीर भरतीची तयारी करू लागला. नोकरी चार वर्षांची. भरती होताना अविवाहित असायचे आणि ती चार वर्षे लग्न करायचे नाही, अशी अट होती.

मी चार वर्षांचे नियोजन दुरेघी वहीत मांडले. पहिली दोन वर्षे माझे डी.एड., तिसऱ्या वर्षी शिक्षक पात्रता परीक्षा, चौथ्याच्या अखेरीस लग्न. संभाजीनगरच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला मिळालेला प्रवेश मी सोडला, कारण आत्या विधवा. मुलगा सैन्यात गेल्यावर घरी ती आणि दोन म्हशी एवढेच उरणार होते. डी.एड. धाराशिवला केले तर दर शनिवारी ईटला जाता येत होते.

भरतीसाठी उमेदवार अविवाहित असल्याचा सरपंचांचा दाखला लागतो. माझे अक्षर चांगले म्हणून मजकूर मीच लिहायला बसले. ‘सदर तरुण अविवाहित आहे,’ एवढे लिहून मी पेन उचलले, तोच आत्या म्हणाली, “आन् लगीन ठरल्यालं बी न्हाय, आसं लिही.”

“ते विचारलेलं नाही, आत्या.”

“तुला काय ठावं? भावकीत जळणारे लई हायती. सुपारी फुटल्याली सगळ्या गावानं बघितलीय. कुणी कागाळी केली म्हंजी?”

मी त्याच्याकडे पाहिले. तो पासपोर्ट फोटोच्या कडा कात्रीने सरळ करत होता. “लिही की गं,” तो म्हणाला, “कागदच तर हाय.”

मी लिहिले: ‘तसेच त्याचा विवाह कोणाशीही ठरलेला नाही.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

ग्रामपंचायतीत सरपंचांनी कागद लांब धरून वाचला आणि ते हसले. “मी सोता पोहे खाल्ले हुते की गं, बाई.”

“ते इसरा आता, आण्णा,” आत्या म्हणाली.

“इसरलो. पर पोह्यात मीठ जरा कमी हुतं, तेवढं ध्यानात ऱ्हाईल.” सही करताना विसरल्याचे सोंग पुढे नेत त्यांनी विचारले, “अक्षर छापल्यावानी हाय. पोरगी कुणाची?”

“माझ्या भावाची,” आत्या म्हणाली. त्याआधी ती चारचौघांत मला सूनबाई म्हणत असे.

तो भरती झाला. मी दोन वर्षे शनिवारी म्हशींचे शेण काढले, सोयाबीनच्या राशीला उभी राहिले, आत्याचे डोळे तपासून आणले. फोनवर तो विचारायचा, “आईनं गोळ्या घेतल्या का?” माझ्या परीक्षेची तारीख त्याला प्रत्येक वेळी नव्याने सांगावी लागे.

तिसऱ्या वर्षी तो सुट्टीवर आला, तेव्हा वडील मला घेऊन ईटला गेले. चहा झाल्यावर म्हणाले, “आक्का, नोकरीचं वरीस राहिलंय एक. त्याच्या म्होरची तिथी धरून ठिवू.”

आत्या बशीतल्या चहाकडे बघत म्हणाली, “घाई कशाची? त्यो म्हनतोय, रक्ताच्या नात्यात नगं. डाक्टर बी तसंच सांगत्यात म्हनं.”

“सुपारी फुटलीय, आक्का.”

“कोन म्हनतं?”

“मी म्हंतो. सरपंच हुते, तू हुतीस.”

आत्या उठली. पत्र्याच्या पेटीतून तिने एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. भरतीच्या सगळ्या कागदांच्या छायांकित प्रती तिने जपून ठेवल्या होत्या. त्यातली एक वडिलांच्या हातात दिली. “वाच. सरपंचाची सही हाय. आन् अक्षर कुनाचं ते तुझ्या लेकीला इचार.”

वडिलांनी संथपणे वाचले. अक्षर त्यांनी ओळखले. तो दारात उभा राहून मोबाइल बघत होता. मी त्याला म्हणाले, “तू तरी सांग.”

“आता मी काय सांगू?” तो म्हणाला. “लिहिलंस तर तूच.”

हे खोटे नव्हते.

वडिलांनी कागदाची मूळ घडी मोडू न देता तो परत केला. एसटीत ते एवढेच म्हणाले, “संभाजीनगरला अजून घेत्याल का तुला?” घेणार नव्हते, मी नियम वाचले होते.

आता मी भूमच्या एका खासगी शाळेत शिकवते आणि जिल्ह्याबाहेरच्या जागांसाठी अर्ज करते. अर्जात वैवाहिक स्थितीचा रकाना असतो. मी त्यात ‘अविवाहित’ लिहिते आणि पेन उचलते.