कळसावरचा पत्र्याचा कोंबडा

मानवतजवळच्या आमच्या गावात चर्चला कुणी चर्च म्हणत नव्हतं. कोंबड्याचं देऊळ म्हणायचे. कळसावर पत्र्याचा कोंबडा, वारं येईल तिकडं तोंड करणारा. फार पूर्वी आलेल्या गोऱ्या पाद्र्यानं तो बसवला. त्याच्या मुलखात म्हणे चर्चवर कोंबडा असतोच. ज्वारी उफणायची वेळ आली की सगळं गाव, मग कुठल्याही धर्माचं असो, मान वर करून वारं कुठून आहे ते त्याच्यावरून बघायचं. आता मळणीयंत्रं आली. कोंबड्याकडं बघतो कोण?

माझे वडील, आबा, त्या चर्चची झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे. दरवर्षी सुगीच्या आधी शिडी लावून कोंबड्याला तेल घालायचे. खाली उतरले की तीच गोष्ट. प्रभूला धरून नेलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र भ्याला, 'मी त्या माणसाला ओळखत नाही' असं तीनदा म्हणाला, आणि प्रभूनं आधीच सांगितलं होतं तसा कोंबडा आरवला. आपल्या माणसाला नाही म्हणू नये, म्हणून कोंबडा इतक्या वर बसवलाय, असं आबा सांगायचे. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

हल्ली आबांना विसर पडतोय. आधी चाव्या विसरले, मग गल्ली, मग मला. मला त्यांनी पाथरीची नर्सबाई ठरवून टाकलंय. चला, कुणीतरी तर आहे मी. पण ते मायला ओळखेनात, याचा मात्र लय राग येतो. कुणावर काढू? डॉक्टर म्हणाले, यावर इलाज नाही. मायनं आपलाच इलाज ठरवला. कोंबडा बघितला की ह्यांना सगळं आठवंल, असं तिनं मनाशी धरलं.

रविवारी आम्ही दोघींनी त्यांना धरून चर्चच्या अंगणात नेलं. माय ठेवणीतलं लुगडं नेसली होती, ते बघूनच मला रडू आलं. आबांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जाम झालाय. तेल घालावं लागंल," ते म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा.

मायनं त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या घरच्या?"

माय तिथंच पायरीवर बसली. मला म्हणाली, "पेत्र भेला होता, म्हनून तसं बोलला. ह्यांना कशाचं भ्याव हाय गं?"

पेत्राला निदान कोंबडा आरवल्यावर आठवलं, तो ढसाढसा रडला. आबा मला विचारत होते, शिडी कुठं ठेवलीय.