पुतळाकाकांची खाज

माझ्या नाकावर माशी बसत नाही, असं माझा नवरा येईल-जाईल त्याला सांगतो. पुतळाकाकांच्या नाकावर खरोखरची माशी बसायची, फिरायची, पाय चोळायची, आणि काका हलायचे नाहीत. मी चित्रकला शिकवते, ते आमच्या कॉलेजात मॉडेल म्हणून बसतात. अशी एकोणीस वर्षं आम्ही एका खोलीत काढली आहेत.

त्याआधी ते गोदामात ओझी उचलायचे. कंबर गेली तेव्हा ‘बसून करायचं काही काम आहे का’ असं विचारत आले आणि आम्ही त्यांना अक्षरशः बसवलं. लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची, एका बाजूने मोठा दिवा. पंखा बंद, कारण वाऱ्याने कागद फडफडतात आणि सदऱ्याच्या चुण्या बदलतात. दर वीस मिनिटांनी पाच मिनिटांची सुट्टी. परत त्याच जागी बसता यावं म्हणून पावलांभोवती खडूची रेघ मारून ठेवतात. काकांना त्या रेघेची गरज कधी पडली नाही. पुतळाकाका हे नाव मुलांनी ठेवलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की घरी बायकोलाही ऐकवायचे.

गेल्या उन्हाळ्यात पुतळा हलायला लागला. मधेच खांदा उडायचा, पाठ खुर्चीला घासली जायची, मान अवघडल्यासारखी वळायची. मुलं कुरकुरायला लागली. मी दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, जमत नसेल तर सांगा. प्लास्टरचा पुतळा आहे आपल्याकडे, तो पगारही मागत नाही.”

“जमतं, बाई,” ते एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात एका मुलीच्या कोळशाने काढलेल्या चित्रात मला मानेवर बारीक काळे ठिपके दिसले. “हे काय सांडलंय? पूस आधी,” मी म्हटलं.

“सांडलं नाही, मॅडम. त्यांच्या मानेवरच आहेत. दिवा लागला की थोड्या वेळाने येतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत जातात.”

मी वळून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! नीट बघा, नीट बघा, असं मुलांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, समोर बसलेल्या माणसाची मान मला दिसली नव्हती. मला लाज वाटली. थोडीथोडकी नाही, चांगलीच.

सुट्टीत त्यांना बाजूला घेतलं. त्यांनी बाहीचं बटण काढलं. हातभर टाचणीच्या डोक्याएवढ्या लाल गांधी उठल्या होत्या.

“घाम यायला लागला की अंगभर टोचतं,” ते म्हणाले. “तासाभरात आपोआप जातं. पण तो तास काढणं म्हणजे...”

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगू? ह्या अंगाकडे बघण्याचेच मला पैसे मिळतात. अंगावर काही उठतंय म्हटलं तर पोरांना वाटणार खरूज आहे. आणि तुमचा तो प्लास्टरचा तयारच आहे.”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे लागट नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, उष्णतेने आणि घामाने होतं. सैल सुती कपडे, गार पाण्याने आंघोळ, रोज एक गोळी. पहिल्या गोळीने काका चौथऱ्यावर घोरायला लागले, मुलांनी तेही चित्र काढलं. मग गोळी बदलली. खाज निम्मी झाली, पण अर्धी खाज घेऊन पुतळा होता येत नाही. शेवटी काकांनी स्वतःच एक गोष्ट हेरली: एकदा खाज येऊन गेली की पुढचे तीन-चार तास ती फिरकत नाही. डॉक्टर म्हणाले, काहींच्या बाबतीत असं होतं खरं, पण चक्कर आली किंवा दम लागला की थांबायचं. तेव्हापासून काका सकाळी सातला येऊन कॉलेजचे चार मजले चढायचे-उतरायचे. घाम फुटला की जिन्यात बसायचे, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बोलावून घेतो, म्हणजे न बोलावता येत नाही.”

वार्षिक परीक्षा तीन तासांची. तीस मुलं, बाहेरचे परीक्षक. प्राचार्यांनी मला आधीच बजावलं होतं की ह्या वेळी मॉडेल हललं तर पुढच्या वर्षी प्लास्टरच. हे काकांनाही माहीत होतं. नऊची परीक्षा, म्हणून त्यांनी सातला जिने उरकले. परीक्षक उगवले साडेअकराला, तेव्हा कुठे परीक्षा सुरू झाली आणि तोवर सकाळच्या जिन्यांची पुण्याई संपत आली होती. गाडी बंद पडली होती म्हणे. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

“काका, पंखा लावते,” मी हळूच म्हटलं.

“नको, पोरांचे कागद उडतील.”

पहिला तास निभावला. दुसऱ्या तासात, सुट्टीला अजून अवकाश असतानाच, त्यांच्या मानेवर लाली चढताना मला दिसली. जबडा आवळला गेला. गुडघ्यावरची बोटं पांढरी पडली. परीक्षक माझ्या शेजारीच उभे होते. मला वाटलं, आता काका उठून पळतील नाहीतर बसल्या जागी कोसळतील.

“बाई,” काका मोठ्याने म्हणाले. चौथऱ्यावरून स्वतःहून ते पहिल्यांदाच बोलत होते. “मला खाज सुटली आहे. लागट नाही, घामाने होतं. मला जरा उठू द्या.”

कोणी हसलं नाही. मी वर्गाचं घड्याळ थांबवलं आणि सांगितलं, वेळ वाढवून मिळेल. काका खिडकीशी गेले. एका मुलाने फडकं पाण्यात भिजवून पिळून दिलं, ते त्यांनी मानेवर धरलं. आठ मिनिटांनी ते परत खुर्चीत बसले, पाय बरोबर रेघेत. पण ओल्या बाह्या आता त्यांना सोसवत नव्हत्या. त्यांनी त्या दंडापर्यंत गुंडाळल्या आणि लाल झालेले हात दिव्याच्या उजेडात गुडघ्यांवर ठेवले.

“बाह्या खाली करायला सांगा,” परीक्षक मला म्हणाले. “सगळ्यांची चित्रं बिघडतील.”

मी तोंड उघडणार, एवढ्यात खोलीभर फडक्यांचा आवाज सुरू झाला. मुलं कागदावरच्या बाह्या पुसत होती. पुसून त्यांनी तिथे गांधी उठलेले उघडे हात रेखाटायला घेतले.