ग्लोरिया मॅडम आणि अनेक कुलपांची पेटी

आमच्या अकाउंट्स ऑफिसात पैसे येतात आणि जातात. किस्से मात्र नुसते साठत राहतात. त्यातले बरेचसे ग्लोरिया मॅडमचे.

मॅडम वसईच्या. यूएईमधल्या रास अल खैमातल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या फायनान्स हेड. मी जॉईन झालो त्या दिवशी त्यांनी सॉफ्टवेअर नंतर, इतिहास आधी शिकवला. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांचा पैसा म्हणे लोखंडी पट्ट्यांच्या लाकडी पेटीत असायचा. पेटीला अनेक कुलपं, प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे. सगळे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. मी विचारलं, एखादा आजारी पडला तर?

"मग बाकीच्यांनी त्याला सूप नेऊन द्यायचं," मॅडम म्हणाल्या.

*

हीच गोष्ट त्या घरी लेकीला रंगवून सांगत होत्या. लेकीने फोनमधून मान वर न काढता म्हटलं, "मम्मा, दॅट्स जस्ट टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हे अख्ख्या ऑफिसला अभिमानाने ऐकवलं.

*

नव्या डायरेक्टरना लॉबीत कारंजं हवं होतं. गरजू विद्यार्थ्यांच्या फंडातून तात्पुरते पैसे काढू, असं त्यांनी ठरवलं. त्या फंडाला मॅडमची आणि माझी, दोघांची मंजुरी लागते. ते आधी माझ्याकडे आले. "हबीबी, एक क्लिक, खलास."

माझा व्हिसा, मुलांची शाळा, सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी मी नाही म्हणालो. मग ते मॅडमकडे गेले. मॅडमनी आधी माझं उत्तर काय ते विचारून घेतलं.

"सर, मग माझ्याकडे येऊन काय उपयोग?"

कारंजं झालं नाही. घरी बायकोला हे सांगताना माझी छाती जरा फुगलेलीच होती.

*

पण सगळ्यात लाडका किस्सा रेश्माचा. नर्सिंगची विद्यार्थिनी. वडिलांची सिरॅमिक फॅक्टरीतली नोकरी गेली आणि फी अडली. पूर्वी गरीब मुलांना पुस्तक गहाण ठेवून विद्यापीठाकडून कर्ज मिळायचं, हे तिने पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभात मॅडमच्याच भाषणात ऐकलेलं. तिने ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, हे ठेवून घ्या.

मॅडमनी ते परत तिच्या हातात दिलं. "परीक्षा तुझी आहे, माझ्या कपाटाची नाही."

त्याच दुपारी आम्ही दोघांनी फंडातून तिची फी मंजूर केली.

शिक्षण संपल्यावर रेश्माला शेजारच्या उम्म अल कुवैनला नोकरी लागली. पहिला पगार झाला तशी ती वडिलांना घेऊन आली आणि फंडात पाचशे दिरहम भरले. वडील पुटपुटले, म्हणजे जवळपास बारा हजार रुपये. हे कोणाला मिळणार, रेश्माने विचारलं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझी फी कोणाच्या पैशांतून गेली, ते तुला कुठे माहीत आहे?"

वडिलांनी खिशात हात घातला आणि आणखी शंभर दिरहम टेबलावर ठेवले.