तेलात तापवलेले ट्रान्झिस्टर

दादा गेला त्या दिवशी मी ग्रंथालयात होते. शेजारचे काका सांगायला आले. मी त्यांच्याबरोबर चालत घरी आले. टेबलावर एका होडीचा वायरलेस सेट उघडा होता.

दादा, माझा थोरला भाऊ, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मिरकरवाड्यातले लोक त्याच्याकडे सेट घेऊन येत. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. सेट नवे होते आणि ते उघडणारा गावात फारसा कुणी नव्हता.

हा सेट आणणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणाला होता, "मास्तर, हा माझ्या मेव्हण्यासारखा आहे. धक्क्यावर तोंड बंद होत नाय, नि दर्यात दुपार झाली की गप." मग हसणं थांबवून त्याने सांगितलं, की गेल्या हंगामात भर दुपारी इंजिन बंद पडलं, हाकेला सेट उठला नाही आणि होडी वाहत जयगडपर्यंत गेली. होडीवर त्याचे दोन्ही मुलगे होते.

दादा होडी बघून आला. सेट इंजिनाच्या वरच्या फळीवर असायचा. समुद्राच्या हवेचा खार लागू नये म्हणून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता आणि त्यावर तांडेलाच्या बायकोने बेतून शिवलेली गोधडी होती.

"गोधडी काढायला सांग ना," मी म्हटलं.

"उघडा ठेवला तर खार खाईल. त्यापेक्षा उकडलेला बरा. उकाडा सोसणारे ट्रान्झिस्टर शोधू."

एकाच नंबरचे ट्रान्झिस्टर तापल्यावर सारखे वागत नाहीत. बंद असतानाही त्यांच्यातून थोडा प्रवाह गळतो. उष्णता वाढली की गळती वाढते, गळतीने ते आणखी तापतात आणि शेवटी काम सोडतात. प्रत्येकाची गळती मोजायला दादा त्यांना लांब तारा जोडून खोबरेल तेलात बुडवायचा आणि तेल हळूहळू तापवायचा. तो थर्मामीटर वाचायचा, मी मीटरची सुई. आलेख मी काढायची. घरभर खोबरेलाचा वास सुटायचा. आई म्हणायची, "भज्यांचा घाणा तरी काढा, विकता येईल."

सेटला दोन ट्रान्झिस्टर लागणार होते, एकमेकांशी जुळणारे. एक मिळाला होता. दुसरा शोधायचा राहिला.

सुतकातच तांडेल आला आणि ओट्यावर बसला. "ताई, सेट हाय तसा द्या. नारळी पौर्णिमेला होडी उतरवायची हाय."

"एक ट्रान्झिस्टर मोजून शोधायचा राहिलाय," मी म्हटलं. "थर्मामीटर वाचायला कुणी नाही."

"आकडे मला कळतात," तो म्हणाला आणि पाय धुऊन आत आला.

मी छोटी कढई काढली. सुतकात आमच्याकडे कढई चढवत नाहीत. आई दारात उभी होती.

"हे खायचं नाहीये, आई."

पुढे होऊन तिनेच स्टोव्ह पेटवला.

तांडेल वाकून आकडे सांगू लागला, धक्क्यावर मासळीच्या टोपल्या मोजाव्यात तशा आवाजात. "चाळीस! चाळीस झाले हो ताई! पंचेचाळीस!" आई म्हणाली, "हळू बोला, लिलाव नाहीये." पहिल्या काही ट्रान्झिस्टरांची सुई साठाच्या आतच पळाली. मग एकाची पळाली नाही. दादाबरोबर मोजलेल्या पहिल्याच्या आलेखावरूनच जवळजवळ ती चढत गेली. मी तो ट्रान्झिस्टर पुसून सेटमध्ये बसवला. सोल्डरिंग दादाने मला शिकवलं होतं.

पौर्णिमेनंतर होडी गेली. दुपारी मी धक्क्यावर मच्छीमार सोसायटीच्या खोलीत जाऊन बसले. तिथे त्यांचा सेट होता. बराच वेळ नुसती खरखर होती. मग आवाज आला.

"ताई, तापलाय हो. गोधडीला हात लावला नाय. पण बोलतोय."

मी बटण दाबून सांगितलं, "ऐकू येतंय." सोसायटीचे लोक माझ्याकडे बघत होते. मी घरी येऊन आईला सांगितलं.

तांडेलाने पुढे ती होडी विकली. आईही आता नाही. मीटर माझ्याकडे आहे आणि ती कढई आहे. तिच्यात आम्ही पुन्हा काही तळलं नाही.