वेन्डलच्या डाव्या हाताचं झाड

वेन्डल,
तोंडाने सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून लिहितेय. काचबिंदूचे थेंब बंद करून तू स्वतःच्या शेतातलं तेल जिभेखाली धरतोस, हे मला कळलंय. थेंबांची बाटली न्हाणीघरात सीलसकट पडली आहे. खोटं बोलू नकोस. चाळीस वर्षं मी पोरांच्या सबबी ऐकल्या आहेत.
लॉर्ना

टपालात टाकायचा प्रश्नच नव्हता; लॉर्ना त्याची बहीण, निवृत्त मास्तरीण, तिचं घर कुंपणापलीकडेच. तिने चिठ्ठी त्याच्या टोपीत खोचली. वेन्डलने ती वाचली आणि टोपी डोक्यावर चढवून शेतात निघून गेला.

असाच होता तो पहिल्यापासून. अमेरिकेत ओरेगॉनच्या त्या खोऱ्यात त्याच्या घराण्याने, क्रेब्स मंडळींनी, तीन पिढ्या नासपती पिकवली. वेन्डलने बासष्टाव्या वर्षी बाग उपटून हेम्प लावलं. भांगेचंच झाड, पण नशा न आणणारं. शेजारी त्यातल्या सीबीडी नावाच्या औषधी द्रव्याच्या मागे लागले, तर याने सीबीजी हे दुसरं द्रव्य धरलं. झाडात ते आधी तयार होतं आणि त्यातून बाकीची द्रव्यं बनतात. वेन्डलच्या पांढुरक्या फुलांच्या जातीत मात्र ते तिथेच साठून राहतं. एवढं समजायला त्याला एक अख्खा हिवाळा लागला, आणि समजल्यावर तो गप्प बसेना. चर्चच्या पॅनकेक-न्याहारीलासुद्धा तेच: सूज उतरते, पोट शांत होतं, डोळे सुधारतात.

"मांजरांच्या डोळ्यांतला दाब उतरला, मास्तरीणबाई! छापून आलंय."

"मांजरांच्या. तू उंदीर धरतोस का?"

"माणसांनाही लागू पडेल की."

"पडेलही. अजून कुणी नीट तपासलेलं नाही. तोवर थेंब घाल!"

"झोंबतात गं ते."

एवढा सहा फुटी गडी, आणि थेंब झोंबतात! लॉर्नाला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे.

ऑगस्टात मात्र त्याच्या नजरेला तोड नसे. बी विकणारा सगळी झाडं मादी असल्याची हमी देतो, तरी हजारात एखादं नर निघतंच. ते फुललं की पराग उडतो, फुलांत बी धरतं आणि तेल घटतं. म्हणून वेन्डल रोज सकाळी एकेक ओळ चालायचा, टाचणीच्या डोक्याएवढी नर कळी ओळखून झाड मुळासकट उपटायचा. "आंधळा माणूस हे करील का?" हा त्याचा हुकमी सवाल.

त्या सकाळी लॉर्ना त्याच्या मागोमाग चालत होती. समोरच्या झाडावरची कळी त्याने बरोबर टिपली. आणि त्याच्या डाव्या कोपराला कंबरेएवढं नर झाड घासलं, फुललेलं, पिवळी भुकटी सांडणारं. तो पुढे गेला.

"वेन्डल, थांब. डावीकडे काय आहे?"

"कुठे?"

"तुझ्या बाहीकडे बघ."

त्याने मान पुरती वळवली, तेव्हा कुठे ते त्याला दिसलं. बाही पिवळीधमक झाली होती. काचबिंदू नजर कडेकडून खातो. समोरचं शेवटपर्यंत लख्ख ठेवतो. हे तिने त्याला चित्र काढून समजावलं होतं. पराग उडू नये म्हणून त्याने झाडावर ओली गोणी टाकून ते उपटलं, मग शेजारचं झाड हाताने चाचपून पाहिलं.

"किती दिवस उभं होतं गं हे?"

"एवढं फुललंय म्हणजे आठवडाभर तरी. रोज इथूनच जात होतास."

"बरं बाई. मेडफर्ड शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. गुरुवारी. गाडी तू चालव."

बुधवारी सरकारी माणूस नशेचा अंश तपासायला फुलांचे नमुने घेऊन गेला. नमुन्यानंतर तीस दिवसांत पीक कापावंच लागतं. "कापणी होऊ दे," वेन्डल म्हणाला. कापणी झाली, निम्म्या फुलांत बी निघालं. मग नवा दिवस ठरला. लॉर्ना गाडीची किल्ली घेऊन दारात उभी राहिली, तर वाळवणीच्या कोठारातला पंखा बंद पडलेला, फुलांना बुरशी लागायची भीती. तिने त्याच्यावर तोंडसुख घेतलं, खूप घेतलं. मग किल्ली खिशात टाकली आणि स्वतःच फुलं उलटायला बसली.

मार्चमध्ये वेन्डलच्या मुलीने येऊन त्याला पोर्टलंडच्या इस्पितळात नेलं, तेव्हा डावा डोळा गेलेला होता. मेडफर्डला लॉर्ना आणि तो गेलेच नाहीत.