फॉरेनचे प्लग आणि मौद्याचं साक्षगंध

आधी चहा ओता, ही गोष्ट कोरड्या घशाने सांगवत नाही. गाढवपणा सगळेच करतात हो! पण फिजिक्सच्या प्राध्यापकाने फिजिक्समध्येच केलेला गाढवपणा ऐकलाय कधी?

पंचाहत्तरच्या आसपासचे दिवस. पेट्रोल भडकलेलं आणि माझ्याकडे तिसऱ्या हाताची गाडी. तिचा पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. टाकीत काडी घालून मी अंदाज घ्यायचो.

सीताबर्डीच्या बाजारात एका दुकानदाराने स्पार्क प्लगची डबी माझ्यापुढे धरली. "साहब, फॉरेन का माल है. गाडी पेट्रोल पियेगी नहीं, सिर्फ सूंघेगी!"

वर्गात रोज ऊर्जेचे नियम शिकवणाऱ्या माणसाने तिथेच हसायला नको? मी चार प्लग घेतले, वर त्यालाच थँक्यू म्हणालो!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमचे मेकॅनिक गुलाबभाऊ घरी येऊन प्लग बसवणार होते. मी कॉलेजात, प्रयोगशाळेच्या पूजेला. व्होल्टमीटरला फुलं वाहिली, तराजूला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि दुपारी घरी आलो. बघतो तर गाडी धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार! म्हणजे काम झालं.

बायको, कुसुम, दारातच म्हणाली, "अहो, त्या प्लगचं सांगाचं होतं..."

"नंतर सांग," म्हणत मी गाडी काढलीसुद्धा. आणि काय तो पिकअप! इंजिन नुसतं गुणगुणत होतं. परत येऊन आमच्या नंदनवन वस्तीतल्या चार शेजाऱ्यांना ठिणगी आणि ज्वलन यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यांनीही माना डोलावल्या, बिचारे जेवायचे थांबले होते.

दसऱ्याला माझ्या मेहुण्याचं, मनोहरचं, मौद्याला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. याआधी त्याचं दोनदा जमता जमता मोडलेलं. त्यात मुलीचे वडील वेळेचे महाकडक. अकराचा मुहूर्त चुकला तर हेही गेलं, अशी धास्ती घेऊन पोरगा गाडीत बसलेला.

पेट्रोल पंप दिसला तसा तो म्हणाला, "भाऊजी, टाकून घ्या जी थोडं."

"काहून? काडी घालून पाहिलं ना मी. एवढ्यात जुन्या प्लगवर मौदा गाठलं नसतं. हे फॉरेनचे आहेत!"

"अहो, पण ते प्लग..." मागून कुसुम.

"कुसुम, फिजिक्स कोण शिकवते?"

"पण माझं ऐकून तं..."

"तुले काय समजते वं त्यातलं!"

पंप मागे गेला.

मौदा तीन किलोमीटरवर असताना गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. टाकीत काडी घातली. कोरडी ठणठणीत! दहा वाजून गेलेले. मनोहर नव्या कोऱ्या सुटात रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि म्हणाला, "गेलं. हेही गेलं." खरं सांगतो, त्याचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण जीभ कुठली गप्प बसते! "प्लग नवे असून असं कसं झालं?"

"प्लग देवघरात आहेत," कुसुम शांतपणे म्हणाली.

"देवघरात?"

"गुलाबभाऊ आले होते. म्हणाले, 'वहिनी, आज पाने-पकडी पूजेत आहेत, हात नाही लावत. दसऱ्यानंतर बसवतो.' गाडी धुतली, हार घातला अन् गेले. मंग मीबी तुमचे प्लग मांडले देवापुढे, कुंकू लावून."

"मले सांगितलं काहून नाही?"

"कालपासून तेच तं सांगून राहिली!"

आणि मी? आदल्याच दिवशी व्होल्टमीटरला फुलं वाहून आलेलो! त्या दिवशी मेकॅनिक पान्याला हात लावेल, असं मला वाटलंच कसं?

तेवढ्यात देवासारखी एक बैलगाडी आली. दोराने तिच्यामागे आमची गाडी बांधली. नवरदेव गाडीत आणि गाडी बैलांच्या मागे, अशी वरात मुहूर्ताला पाच मिनिटं उरली असताना मांडवात शिरली. मुलीचे वडील कमरेवर हात देऊन उभे.

"हे काय जी, प्रोफेसरसाहेब?"

मी खाली उतरून दोर सोडायला लागलो. मनोहरच बोलला, "भाऊजीची गाडी आता पेट्रोल पीत नाही मामाजी, कडबा खाते!"

अख्खा मांडव हसला. ते कडक गृहस्थही पोट धरून हसले आणि साक्षगंध पार पडलं.

दोन दिवसांनी गुलाबभाऊंनी प्लग बसवले. मी एक चक्कर मारून आलो.

"कशी चालून राहिली?" त्यांनी विचारलं.

"होती तशीच. काडीचाही फरक नाही."

कुसुम चहा घेऊन बाहेर आली. "असं करा," ती म्हणाली, "काढून पुन्हा देवघरात ठेवा. तिथं होते तेव्हा पिकअप लय चांगला होता!"